दुसऱ्या खोलीत डीटीएच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलमध्ये डीटीएच आहे, आता आईबाबांच्या खोलीत किंवा बेडरूममध्येही हवं, अशा घरांतून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. छत्री म्हणजे डिश, डबा म्हणजे सेट टॉप बॉक्स आणि एलएनबी म्हणजे छत्रीच्या दांड्यावर, तिच्याकडे तोंड करून बसवलेलं उपकरण, एवढं गृहीत धरलं आहे.

१. दुसऱ्या टीव्हीसाठी दुसरी छत्री लावावी लागते का?

नाही. छत्री फक्त सिग्नल गोळा करून एलएनबीवर पाडते. घरात टीव्ही एक आहे की चार, याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही. बदलावं लागतं ते एलएनबी. एक आउटपुट असलेलं एलएनबी एकाच डब्याला पुरतं. दोन आउटपुटचं (ट्विन किंवा ड्युअल), चारचं (क्वाड) आणि आठचं (ऑक्टो) अशी एलएनबी मिळतात.

नवीन घ्यायच्या आधी आहे त्या एलएनबीखाली वाकून बघा. अनेक घरांत कंपनीने सुरुवातीलाच दोन आउटपुटचं बसवलेलं असतं आणि एका आउटपुटवर रबरी टोपी तशीच असते. असं असेल तर अर्धं काम झालेलंच आहे. दुसरी छत्री खरोखर लागते ती मोजक्याच वेळी. त्यासाठी प्रश्न ११ आणि १२ पाहा.

२. मग सामान काय काय लागतं?

पुरेशा आउटपुटचं एलएनबी, त्याच कंपनीचा दुसरा डबा, छत्रीपासून दुसऱ्या खोलीपर्यंत अखंड जाणारी आरजी-६ केबल, तिच्या दोन्ही टोकांना एफ कनेक्टर (आट्यांचा, फिरवून बसवायचा) आणि उघड्यावरच्या जोडासाठी पाणी आत जाऊ न देणारी टेप. बस्स. एवढ्यात काम होतं, त्यामुळे यापलीकडे कोणी 'बूस्टर' किंवा 'ॲम्प्लिफायर' गळ्यात मारत असेल तर तो कशासाठी, हे आधी विचारा.

३. दुकानात स्वस्तात स्प्लिटर मिळतो. हॉलमध्ये आलेल्या केबलला तो लावून दोन डब्यांना दिलं तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा मेकॅनिक स्प्लिटर लावून गेल्यावर येतो. उत्तर: दोन वेगळ्या डब्यांसाठी स्प्लिटर लावू नका.

कारण असं. केबल टीव्हीच्या काळात ऑपरेटरच्या वायरवर सगळे चॅनल एकाच वेळी यायचे, म्हणून ती वायर कितीही ठिकाणी वाटता यायची. डीटीएचची केबल तशी नाही, ती दोन्ही बाजूंनी बोलते. उपग्रहाचे सिग्नल व्हर्टिकल (उभ्या) आणि हॉरिझॉन्टल (आडव्या) लहरींच्या, म्हणजे दोन ध्रुवीकरणांत येतात आणि एलएनबीचं एक आउटपुट एका वेळी त्यातलं एकच खाली पाठवतं. कोणतं पाठवायचं, ते डबा त्याच केबलमधून वर व्होल्टेज देऊन सांगतो: १३ व्होल्ट म्हणजे व्हर्टिकल, १८ म्हणजे हॉरिझॉन्टल. युनिव्हर्सल एलएनबी असेल तर फ्रिक्वेन्सीचा वरचा पट्टा (बँड) हवा की खालचा, हे सांगायला २२ किलोहर्ट्झचा टोनही असतो.

आता स्प्लिटरच्या दोन टोकांना दोन डबे आहेत असं धरा. हॉलमधला डबा १८ व्होल्ट देतोय, बेडरूममधला १३. एलएनबीपर्यंत पोचतं ते जास्तीचं व्होल्टेज. म्हणजे हॉलमध्ये बातम्या लावल्या की बेडरूममधली मालिका गायब, आणि हॉलमधला डबा बंद केला की ती आपोआप परत. लोकांना वाटतं डबाच बिघडलाय, म्हणून ते डबा बदलून घेतात आणि तोच खेळ नव्याने सुरू होतो.

'पण शेजाऱ्यांकडे स्प्लिटरवर चालतं' असं कुणी म्हणालं तर तेही खोटं नसतं. दोघांचे आवडते चॅनल योगायोगाने एकाच ध्रुवीकरणात आणि एकाच बँडमध्ये असतील तर भांडण होतच नाही. एखाद्या दिवशी कोणीतरी वेगळा चॅनल लावतो आणि मग कळतं.

४. दोन्ही खोल्यांत एकच चॅनल चालला तरी चालेल. मग दुसरा डबा घ्यायलाच हवा का?

नको. एकाच डब्याचं चित्र दोन टीव्हींवर नेता येतं, आणि यासाठी कंपनीला महिन्याचे जादा पैसे द्यावे लागत नाहीत. डब्याच्या एचडीएमआयला वीजजोडणीवर चालणारा एचडीएमआय स्प्लिटर लावायचा, एक वायर हॉलच्या टीव्हीला, दुसरी आतल्या खोलीत. (हा स्प्लिटर वेगळा, प्रश्न ३ मधला केबलचा स्प्लिटर तो नव्हे.)

अडचणी तीन. साधी एचडीएमआय वायर दहा मीटरच्या पुढे कुरकुरायला लागते. तिथे कॅट-६ (नेटवर्कच्या) केबलवर चालणारा एक्स्टेंडर बरा. दोन टीव्हींपैकी एक फोर-के आणि एक जुना एचडी रेडी असेल तर बहुतेक स्प्लिटर दोघांनाही जुन्याला झेपेल तेवढंच चित्र देतात. आणि अगदी हलक्या स्प्लिटरवर कॉपी संरक्षणामुळे काळा पडदा येऊ शकतो, तेव्हा परत करता येईल अशाच दुकानातून घ्या.

रिमोटचं काय? आतल्या खोलीतून हॉलमधल्या डब्यावर रिमोट चालत नाही. त्यासाठी इन्फ्रारेड एक्स्टेंडर मिळतो, अनेक कॅट-६ एक्स्टेंडरमध्ये तो आतच असतो. स्वयंपाकघरात काम करता करता हॉलमधलाच कार्यक्रम ऐकायचा असेल तर ही सोय उत्तम. आजोबांना कीर्तन आणि नातवाला क्रिकेट हवं असेल तर मात्र दुसरा डबा घ्या आणि घरात शांतता ठेवा.

५. दुसऱ्या डब्याचे महिन्याला किती पैसे पडतात?

बिलाचे दोन भाग असतात: चॅनलचे पैसे आणि ते तुमच्यापर्यंत पोचवण्याची नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे एनसीएफ. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायची (दूरसंचार नियामक प्राधिकरणाची) नवी दररचना लागू झाली. मग जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने ठरवलं की एकाच घरात, एकाच नावावर दुसरा किंवा त्यापुढचा टीव्ही असेल तर त्याची एनसीएफ पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही. जुलै २०२४ मध्ये ट्रायने एनसीएफवरची कमाल मर्यादा काढून ती कंपन्यांवर सोडली.

म्हणून जुन्या लेखांतले आकडे धरून भांडू नका. कंपनीला थेट विचारा: दुसऱ्या टीव्हीची एनसीएफ किती, चॅनलचे पैसे पुन्हा पूर्ण पडतात का, डबा विकत की भाड्याने, आणि बसवायचे किती. चारही उत्तरं संदेशाने किंवा ईमेलने मागून घ्या. जीएसटी वेगळा.

एक महत्त्वाचं: दुसऱ्या टीव्हीची सवलत मिळवायची तर दुसरं कनेक्शन पहिल्याच्याच नावावर आणि पत्त्यावर हवं. नवरा-बायकोने ऑफर बघून वेगवेगळ्या नावांवर कनेक्शन घेतलं की ते दोन स्वतंत्र ग्राहक होतात आणि दोन्हीकडे पूर्ण बिल येतं.

६. दोन्ही खोल्यांत तेच चॅनल घ्यावे लागतात का?

नाही, प्रत्येक डब्याचा पॅक वेगळा ठेवता येतो. खरी बचत इथेच आहे. आईबाबांच्या खोलीत मराठी चॅनल आणि दूरदर्शनचे मोफत चॅनल पुरत असतील तर तिथे खेळांचे एचडी चॅनल कशाला भरायचे? बसवणारा सहसा पहिल्याच डब्याचा पॅक दुसऱ्यावर उतरवून मोकळा होतो. त्याला तिथेच थांबवा.

७. आमच्याकडे डीडी फ्री डिश आहे. तिथे दुसरा टीव्ही कसा?

सगळ्यात सोपं. महिन्याचं बिलच नाही, त्यामुळे प्रश्न ५ आणि ६ तुम्हाला लागू नाहीत. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालेली ही सेवा आता जीसॅट-१५ वरून येते. दुसरा डबा विकत घ्या आणि एलएनबी दोन आउटपुटचं करा.

डबा घेताना एमपीईजी-४ चाच (चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा) घ्या. जुने एमपीईजी-२ डबे अजून विकले जातात, पण सगळे चॅनल त्यांच्यावर येत नाहीत. 'हॉलमध्ये दिसतो तो चॅनल आत का दिसत नाही?' असं फ्री डिशवाले विचारतात, तेव्हा बहुतेकदा एक डबा नवा आणि एक जुना असतो.

८. नव्या टीव्हीत म्हणे उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. मग डबा नकोच ना?

फ्री डिशसाठी, हो. काही टीव्हींत असा ट्यूनर असतो (मागे एफ कनेक्टरची आटे असलेली जागा आणि माहितीपत्रकात 'डीव्हीबी-एस२' हे बघा), आणि बीआयएसने (भारतीय मानक ब्युरोने) २०२२ मध्ये अशा टीव्हींसाठी मानकही काढलं. छत्रीची केबल थेट टीव्हीला लावा, चॅनल शोधा, झालं. टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, डीटूएच यांचे चॅनल मात्र कुलूपबंद येतात. तिथे त्या कंपनीचा डबा हवाच.

९. केबल कोणती घ्यायची आणि किती लांब चालते?

आरजी-६, ७५ ओहमची. जुन्या केबल टीव्हीची बारीक आरजी-५९ घरात पडलेली असेल तर मोह आवरा. एलएनबी उपग्रहाचा १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर खाली पाठवतं. चांगल्या आरजी-६ मध्येही १०० मीटरला १००० मेगाहर्ट्झवर साधारण २० डेसिबल गळती होते, २१५० च्या आसपास ती ३० च्या घरात जाते. म्हणून लांब केबलवर सगळे चॅनल सारखे खराब होत नाहीत. वरच्या फ्रिक्वेन्सीचे आधी जातात.

दुसरी गोष्ट मधल्या तारेची. स्वस्त केबलमध्ये ती तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. सिग्नलला ते चालतं, पण डब्याचं व्होल्टेज वर नेताना ते वाटेतच घटतं आणि एलएनबीला १८ ऐवजी कमी मिळतं. घरातल्या घरात, वीस-पंचवीस मीटरपर्यंत, फरक पडत नाही. चार मजले वर गच्चीवरून केबल येणार असेल तर पूर्ण तांब्याची घ्या.

मधे जोड नको. केबल घरात शिरते तिथे बाहेरच्या बाजूला तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून गळून जातं, भिंतीत शिरत नाही. आणि कुठलाही कनेक्टर काढायच्या आधी डबा प्लगमधून काढा, नुसतं रिमोटने बंद करणं पुरेसं नाही. केबलमध्ये वीज असते. मधली तार तिच्याभोवतीच्या जाळीला टेकली तर डब्यातला एलएनबीला वीज देणारा भाग जळू शकतो.

१०. बिल्डरने प्रत्येक खोलीत टीव्ही पॉइंट दिलाय. तो वापरू का?

आधी प्लेट उघडून बघा. पुष्कळ इमारतींत हे पॉइंट केबल टीव्ही डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात: हॉलमधून एकच वायर निघते आणि वाटेत भिंतीतल्या जंक्शन बॉक्समध्ये स्प्लिटर किंवा टॅप लपलेले असतात. ते व्होल्टेज पुढे जाऊ देत नाहीत, त्यामुळे डीटीएचचा डबा 'सिग्नल नाही' म्हणतो आणि दोष छत्रीवर जातो. प्रत्येक खोलीची वायर वेगळी निघून एका जागी येत असेल आणि ती आरजी-६ असेल तर उत्तम, तिथपर्यंत एलएनबीकडून तेवढ्याच केबली आणा. नाहीतर निदान पाइप वापरा: जुनी वायर ओढताना तिच्याच टोकाला नवी बांधून घ्या.

घराचं काम सुरूच असेल तर प्रत्येक टीव्हीच्या जागी दोन आरजी-६ आणि एक कॅट-६ टाकून ठेवा. दोन का, ते प्रश्न १३ मध्ये.

११. छत्री हॉलच्या बाल्कनीत आहे, बेडरूम घराच्या दुसऱ्या टोकाला. बेडरूमच्या खिडकीत वेगळी छत्री लावली तर केबल वाचेल का?

खिडकी कुठल्या दिशेला आहे, त्यावर ठरेल. आपल्याकडच्या डीटीएचचे उपग्रह सगळे आग्नेयेकडच्या आकाशात आहेत. पुण्यातून बघितलं तर (कंसातले अंश उपग्रहाच्या रेखांशाचे) टाटा प्लेचा (८३ अंश पूर्व) दक्षिणेपासून थोडा पूर्वेला, क्षितिजापासून सुमारे ६६ अंश उंच. फ्री डिशचा (९३.५ अंश) जवळजवळ नेमका आग्नेयेला, ५९ अंशांवर. एअरटेलचा (१०८.२ अंश) पूर्वेकडे बराच सरकलेला आणि ४५ अंशांवरच. म्हणून समोर उंच इमारत उभी राहिली की एअरटेलवाल्यांची अडचण आधी होते.

उत्तरेकडच्या किंवा पश्चिमेकडच्या खिडकीत छत्री लावून काही उपयोग नाही, केबलच ओढा. वास्तुशास्त्रवाले आग्नेयेला स्वयंपाकघर सांगतात. डीटीएचवाले त्याच खिडकीवर हक्क सांगतात. आणि छत्री बरीच उभी दिसते म्हणून ती क्षितिजाकडे बघतेय असं समजू नका: ती ऑफसेट प्रकारची असते, दिसते त्यापेक्षा वीस-बावीस अंश वर बघते.

१२. हॉलमध्ये एक कंपनी, बेडरूममध्ये दुसरी. छत्री एकच चालेल का?

साधारणपणे नाही, कारण उपग्रह वेगळे (प्रश्न ११). डीटूएच आणि डिश टीव्ही २०१८ पासून एकाच कंपनीचे असले तरी एक ८८ अंशांवर आहे आणि एक ९५ वर, त्यामुळे तिथेही नाही.

अपवाद आहे. एका छत्रीवर शेजारी शेजारी दोन एलएनबी बसवून दोन उपग्रह पकडता येतात, उदाहरणार्थ ८३ आणि ९३.५. बाजूच्या एलएनबीला सिग्नल थोडा कमी मिळतो, म्हणून ६० सेंटिमीटरपेक्षा ९० ची छत्री बरी. डिश टीव्ही आणि फ्री डिश यांच्यात मात्र दीडच अंशाचं अंतर आहे; तिथे दोन एलएनबी शेजारी मावतच नाहीत.

१३. दुसऱ्या खोलीत रेकॉर्डिंगचा डबा घ्यायचाय. काही वेगळं लागतं का?

एक चॅनल रेकॉर्ड होत असताना दुसरा बघायचा तर त्या डब्यात दोन ट्यूनर असतात आणि त्याला बहुधा दोन केबली लागतात. म्हणजे हॉलचा एक आणि रेकॉर्डरचे दोन असे तीन आउटपुट. दोन आउटपुटच्या एलएनबीवर हे भागत नाही, क्वाड घ्या. एकच केबल देऊन वर स्प्लिटर लावणारे मेकॅनिक भेटतील. त्यांना प्रश्न ३ दाखवा.

१४. चार आउटपुटचं एलएनबी आणलं, पण प्रत्येक डब्यावर अर्धेच चॅनल येतात.

तुम्हाला क्वाडऐवजी क्वाट्रो मिळालं आहे. दिसायला अगदी सारखं. क्वाडचं प्रत्येक आउटपुट एका डब्याला सगळं देतं. क्वाट्रोच्या चार आउटपुटवर चार ठरलेले तुकडे येतात (व्हर्टिकल-हॉरिझॉन्टल गुणिले वरचा-खालचा बँड) आणि ते मल्टिस्विचला (एका छत्रीचे सिग्नल अनेक डब्यांना वाटणाऱ्या पेटीला) जोडण्यासाठी असतं. परत करा.

असाच घोळ डायसेक स्विचचा होतो. त्यालाही अनेक तोंडं असतात, पण तो अनेक एलएनबी एका डब्याला जोडतो. तुम्हाला नेमकं उलटं हवं आहे.

१५. दुसऱ्या खोलीत चित्र अडकतं, चौकोन पडतात. दोष कुठे, हे कसं ओळखायचं?

डब्यांची अदलाबदल करा. दोष डब्याबरोबर हॉलमध्ये आला तर डबा खराब. खोलीतच राहिला तर पुढे केबल किंवा एलएनबी. मग छत्रीपाशी (डबे प्लगमधून काढून) दोन केबलींचे आउटपुट उलटसुलट करा. दोष हॉलमध्ये गेला तर एलएनबीचं ते आउटपुट गेलं, खोलीतच राहिला तर केबल किंवा तिचे कनेक्टर. दहात नऊ वेळा कनेक्टर असतो, असं म्हटलं तरी मेकॅनिक वाद घालणार नाहीत.

मेनूमध्ये सिग्नलचे दोन आकडे दिसतात. 'स्ट्रेंथ'कडे फार लक्ष देऊ नका, 'क्वालिटी' बघा. काही ठरावीक चॅनलच जात असतील तर व्होल्टेज पोचत नाही (प्रश्न ३ आणि ९). दोन्ही खोल्यांत एकाच वेळी, जोराच्या पावसात जात असेल तर तो ढगांचा गुण. छत्री अचूक फिरवून घेतली तर वेळ कमी होतो, शून्य होत नाही.

१६. सोसायटी गच्चीवर आणखी छत्री लावू देत नाही.

दुसऱ्या टीव्हीसाठी नवी छत्री लागतच नाही, हे समितीला आधी सांगा. फक्त एक केबल जास्त उतरते. गच्चीवर छत्र्यांचं जंगल झालंच असेल तर एक सामायिक छत्री, क्वाट्रो एलएनबी आणि मल्टिस्विच हा मार्ग आहे. त्यातून प्रत्येक घराला हव्या तेवढ्या केबली निघतात. हे एकट्याने करण्यासारखं काम नाही, सर्वसाधारण सभेत मांडा.

१७. गणपतीत दुसरा डबा कोकणात गावच्या घरी नेला तर चालेल का?

तिथे त्याच कंपनीची, त्याच उपग्रहाकडे वळवलेली छत्री असेल तर चालतो. उपग्रहाचा झोत अख्ख्या देशावर पडतो, त्याला पुणे काय आणि गुहागर काय. निघायच्या दोन दिवस आधी रिचार्ज तपासा.

कायमचा मात्र ठेवू नका. दुसऱ्या टीव्हीचा दर त्याच घरासाठी असतो (प्रश्न ५), आणि तो डबा गावाला भावाकडे ठेवणं अटींच्या विरुद्ध आहे. कंपनी तो बंद करू शकते. गावासाठी फ्री डिश लावून टाकणं सगळ्यात सुटसुटीत.

१८. वायफाय चांगलं आहे. केबल न ओढता नाही का होणार?

होतं. स्मार्ट टीव्हीवर कंपनीचं ॲप टाकलं की तुमच्या पॅकमधले पुष्कळ चॅनल इंटरनेटवरून दिसतात, पण सगळे नाहीत. पॅकमधले कुठले चॅनल ॲपवर आहेत ते आधी तपासा. दूरदर्शनच हवं असेल तर प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फीच्या (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) वेळी ते सुरू झालं.

क्रिकेट बघणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: इंटरनेटवरचं चित्र उपग्रहापेक्षा काही सेकंद मागे असतं. हॉलमध्ये विकेट पडल्याचा आरडाओरडा आधी ऐकू येणार आणि बेडरूममध्ये गोलंदाज अजून धावत येत असणार. त्याचा त्रास होणार असेल तर केबलच ओढा.